मामाजींचं नाक आणि कन्हानचे मासे

कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती तेव्हा माझे सासरे दवाखान्यातून बरे होऊन घरी आले. चेहरा उतरलेला होता, पण स्वतःच्या पायांनी चालत आले, स्वतःच्या हातानं जेवले, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात बसून गळाच्या दोऱ्याचा गुंता सोडवू लागले. ते पाहिलं आणि सासूबाईंच्या जिवात जीव आला. "दोरा हातात घेतला म्हंजे मानूस बरा झाला," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. त्या तापात त्यांचं नाक गेलं आहे, त्यांना कशाचाच वास येत नाही, हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

आमचं घर रामाकोन्याला. मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज स्कूटीनं जाते-येते. नवरा रेल्वेत, ड्यूटी तिगावला, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस तिकडेच. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे सुना तसंच म्हणतात. ते शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले, पण गावात त्यांना त्या नोकरीमुळे कोणी ओळखत नसे. ते ओळखले जात त्यांच्या चाऱ्यामुळे. गळाला लावायचा जो पिठाचा गोळा, त्याला आमच्या इथे चारा म्हणतात. कन्हान नदीवर पुलाच्या खालच्या अंगाला एक डोह आहे. रविवारी सकाळी तिथे आठ-दहा लोक गळ टाकून बसतात. कोणी नुसती कणीक लावतो, कोणी बेसन, कोणी सरळ गांडूळ. मामाजींचा चारा मात्र ऋतू बदलला की बदलायचा. उन्हाळ्यात त्याचा वास वेगळा, पावसाळ्यात वेगळा आणि थंडीत आणखी वेगळा. त्यात काय टाकतात ते कोणाला सांगत नसत. माप तर नव्हतंच. मळलेला गोळा नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, "अजून नाही झालं" म्हणायचं आणि आणखी चिमूटभर काहीतरी टाकायचं. हे तासभर चालायचं. मग अचानक "झालं" म्हणून उठायचे, आणि त्या दिवशी ते रिकाम्या हातानं परत येत नसत.

मी पांढुर्ण्याची. वडिलांचं किराणा आणि मसाल्याचं दुकान. माहेरी मासे शिजत नव्हते आणि मी अजूनही खात नाही. त्यामुळे लग्नानंतर पहिली काही वर्षं हा सगळा प्रकार मी लांबूनच पाहिला. स्वयंपाकघरात मामाजींच्या बरण्यांची एक वेगळी फळी होती. तिला हात लावायचा नाही, एवढं मला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं.

जूनच्या सुरुवातीचा एक रविवार होता. मामाजी चष्मा विसरून नदीवर गेले, म्हणून मी तो द्यायला गेले. डोहाजवळ पोचले तर सगळे लोक आपापले गळ सोडून मामाजींच्या गळाकडे पाहत होते. मासे गोळा व्हावेत म्हणून आधी थोडा चारा पातळ कालवून पाण्यात ओततात. मामाजींनी तो ओतला होता, आणि पाण्यावर फेस आला होता. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा, परातीएवढा फेस. त्याच्या मधोमध त्यांच्या गळाच्या दोऱ्याला बांधलेलं मोरपीस, मासा लागला की हलणारं, तरंगत होतं.

पलीकडच्या खडकावर गावातले निवृत्त पोस्टमन बसले होते. मामाजींचे जुने प्रतिस्पर्धी. ते शांतपणे म्हणाले, "काहो, आज माश्याइले न्हाऊ घालून राहिले का?"

सगळा काठ हसला. मी मामाजींच्या शेजारी बसून चाऱ्याच्या डब्यावर वाकले आणि मला कळलं. शिकेकाई होती. मेथीची पूड समजून त्यांनी सासूबाईंची शिकेकाईची बरणी उपडी केली होती. रंग सारखाच असतो. पण ज्याला नाक आहे तो माणूस ही चूक करूच शकत नाही.

मी चष्मा त्यांच्या हातात ठेवला आणि परत फिरले. घरी आल्यावर ते मागच्या अंगणात हात धूत उभे होते, तिथे मी गेले.

"मामाजी, ते मेथी नोहोती. शिकेकाई होती."

ते हात धूतच राहिले. मग नळ बंद करून म्हणाले, "मले वासच येऊन नाही राहिला, सूनबाई. दवाखान्यातून आलो तवापासून. चहा म्हंजे गरम पानी. वरन म्हंजे पिवळं पानी."

"डॉक्टरले सांगितलं का?"

"सांगतलं ना. येईन म्हने. कधी येईन ते नाही सांगतलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुह्या सासूले सांगू नको. ते मले पुन्हा दवाखान्यात नेऊन टाकन."

मी नाही सांगणार म्हटलं. त्यांनी हात पंचाला पुसले. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "तुह्या बापाचं मसाल्याचं दुकान होय. तुहं नाक चालते ना बरोबर?"

"चालते."

"मंग काही दिवस मले वापराले दे."

अशी माझी मासेमारी सुरू झाली.

पावसाळ्यात सुरुवातीचे दोन महिने मासे धरायला सरकारी बंदी असते. ते दोन महिने आमची शिकवणी चालली. मी शाळेतून आले की सासूबाई शेजारी बसायला जात, आणि मामाजी फळीवरच्या बरण्या एकेक करून खाली काढत. मी वास घ्यायची आणि सांगायची. त्यांना जो वास हवा असे तो त्यांच्या डोक्यात पक्का होता, फक्त तो माझ्या नाकापर्यंत शब्दांतून पोचवायचा होता, आणि तिथे आमची फार मजा व्हायची.

"पावसाळ्यात पानी गढूळ असते," ते सांगत. "मासोळीले दिसत नाही. मंग वास कसा पायजे? शेजारच्यानं दार लावून घेतलं पायजे असा."

"म्हंजे हिंगासारखा?"

"हिंग तं पायजेच. पन त्याच्या मागं एक दुसरा वास पायजे. जाड. ओला. पोतं भिजल्यावर येते तसा."

मी पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमागे वाढलेली मुलगी. सरकीची ढेप पावसात भिजली की आमच्या अख्ख्या गल्लीला जो वास यायचा, तो मला लगेच आठवला. मी तो सांगितला. मामाजींनी मांडीवर थाप मारली. "तेच. तेच तं म्हनून राहिलो मी."

मग कळलं की आम्हा दोघांची एक भाषा आहे. त्यांनी सांगायचं, "बंद पेटी उघडल्यासारखा," आणि मी म्हणायचं, "लग्नातल्या शालूच्या पेटीसारखा की पुस्तकांच्या?" ते म्हणत, "पुस्तकाइच्या," आणि मी ओव्याची बरणी बाजूला करून वाळल्या तुळशीकडे जायची. एकदा त्यांना हवा असलेला वास सापडायला चार दिवस लागले. शेवटी तो माझ्या शाळेच्या पिशवीत निघाला, डब्यात विसरलेल्या केळाच्या रूपात.

बंदी उठली त्या पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर नदीवर गेले. सरकीची ढेप, लसूण, कणीक आणि हिंग. हिंग जरा सढळ हातानं पडला होता. आदल्या संध्याकाळी गोळा मळला तो माझ्या नखांत राहिला, आणि सोमवारी आठवीच्या वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी मला विचारत होती, "मॅडम, आज डब्यात काय आणलं?" पण ते सोमवारचं. रविवारी पाऊण तासात आमचं मोरपीस आडवं झालं, मामाजींनी मनगटाला एक छोटा झटका दिला, आणि पिवळट पोटाचा एक मृगळ तळातून वर आला. त्यांनी मासा टोपलीत टाकला, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या नाकावर बोट ठेवून मग ते बोट माझ्या दिशेनं केलं. मी तर इतकी फुगले की परत येताना स्कूटीचा स्टँड काढायला विसरले.

हिवाळा आला आणि हिंगाचा चारा चालेनासा झाला. दोन रविवार आम्ही नुसते बसून आलो. मामाजी म्हणाले, थंडीत मासोळी सुस्त असते, तिला जड खायला नको, गोड आणि हलकं पाहिजे. संत्री निघायला लागली होती, घरात सालींचा ढीग. मी साली वाळवून पूड केली, तिचं तेल सुटेल अशी तुपावर भाजली, आणि घर कसं घमघमलं. मासे मात्र फिरकले नाहीत.

तेव्हा माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईला जाग आली. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन काचेचे ग्लास घेतले, एकात कोमट पाणी, एकात बर्फाचं. दोन्हीत तो चारा टाकला. कोमट पाण्यात तेल पसरलं आणि वास वर आला. गार पाण्यात तेलाचे थेंब गोळ्याला चिकटूनच राहिले. मी दोन्ही ग्लासांवर नाक धरून बसले असताना मुख्याध्यापिका, आमच्या बडी मॅडम, दारात येऊन उभ्या राहिल्या. काय चाललं आहे विचारलं. मी म्हटलं, विद्राव्यता. त्या समाधानानं निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी मामाजींना सांगितलं, "थंडीत तेल, तूप बंद. जे पाण्यात विरघळते तेच टाकायचं. गूळ, बडीशेपेचं पाणी, विलायची उकळून तिचं पाणी."

ते विचारात पडले. "मी तं थंडीत तूप कधीच टाकत नोहतो. पन काहून नाही टाकत, हे आज कळलं." आणि त्यांनी मला पहिल्यांदा त्यांच्या फळीवरची एक बरणी स्वतःहून उतरवून दिली, माझ्या सालींची पूड ठेवायला.

विलायचीच्या पाण्यानं रोहू लागले. मोठे नव्हते, पण दर रविवारी लागायचे. आणि पोस्टमनकाकांना संशय आला. सूनबाई दर रविवारी नदीवर काय करते, मासे तर खात नाही, आणि गोळ्याचा वास मामाजी घेण्याआधी तीच का घेते, असं त्यांनी दोघा-तिघांना बोलून दाखवलं. मग एका रविवारी ते आपला स्टीलचा डबा घेऊन आमच्या खडकावर आले. बाकीचे लोकही मागोमाग.

"तुम्ही तं नुसत्या वासावरून सांगत होते पहिले," ते मामाजींना म्हणाले. "आज नवीन चारा करून आनला. सांगा बरं, का हाय यात."

त्यांनी डब्याचं झाकण काढून डाव्या हातात धरलं आणि गोळा मामाजींच्या हातावर ठेवला. मी हळूच काकांच्या मागे सरकले. मामाजींनी मात्र जुन्या थाटात तो नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

बाकी सगळ्यांचे डोळे मामाजींच्या नाकावर होते. वारा नदीकडून माझ्याकडे येत होता, आणि त्याबरोबर वास आला. गोड, दुधाळ, वाढदिवसाचा. व्हॅनिलाची कस्टर्ड पावडर. मामाजींनी एक डोळा किलकिला केला. मी माझी पिवळी ओढणी धरून हलवली.

"हळद," मामाजी म्हणाले.

"हळद?" काका हसले. "माश्याइचं लगन लावून राहिलो का मी?"

"थांब ना जरा. रंग हळदीसारखा म्हनतो. वासाचं सांगनं अजून व्हायचंच हाय."

मी हवेत एक वाटी धरली. चमचा घेतला. फळं कापून तिच्यात टाकली. मग थंडीनं कुडकुडल्याचा अभिनय केला आणि चमचा तोंडात घातला. मामाजींचा डोळा पुन्हा मिटला.

"थंडं करून खातात," ते सावकाश म्हणाले. "वाटीत. फळं टाकून. पोरगी पाह्याले पाहुने आले का देतात ते. का म्हनतात त्याले... कस्टर्ड."

काका हळूच मागे वळले. माझ्या तोंडात अजून तो नसलेला चमचा होता.

"सूनबाई, दात दुखून राहिले का?"

"हो काका," मी म्हटलं, आणि गाल धरून पुलाच्या खांबाआड गेले. तिथे वाळूत बसून मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसताना हाताचा विलायचीचा वास आला की पुन्हा हसू फुटायचं. परत आले तेव्हा मामाजी गंभीर चेहऱ्यानं पाण्याकडे पाहत बसले होते, फक्त त्यांचे खांदे हलत होते. त्या दिवशी कस्टर्डला दोन रोहू लागले आणि आमच्या विलायचीला एक. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही.

मार्चमधली एक सकाळ. मी स्वयंपाकघरात कांदा परतत होते. मामाजी दाराबाहेरच्या ओट्यावर पेपर वाचत होते. अचानक त्यांनी मान वर केली.

"डांबर कोन तापवून राहिलं?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्याचं काहीच काम चालू नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. मी कढई उचलून त्यांच्या नाकाखाली नेली. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि त्याच वाकड्या तोंडानं हसायला लागले. "येऊन राहिला. वास येऊन राहिला, सूनबाई. डांबराचा येऊन राहिला, पन येऊन राहिला."

आवाज ऐकून सासूबाई आल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मले माहीत होतं. भाजी करपली तरी वा वा करून खाये हा मानूस. म्हनून तं मी शिकेकाई वरच्या फळीवर नेऊन ठेवली." मग मामाजींकडे वळून, "दवाखान्यात नेऊन टाकते म्हने. बरं झालं नाही नेलं. तिथं तुमच्यासाठी वास घेत कोन बसलं असतं दिवसभर?" आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

नाक परत आलं होतं, पण उलटंसुलटं होऊन. अगरबत्ती लावली की मामाजींना टायर जळल्याचा वास यायचा. पेरू फोडला तर घासलेटाचा. आणि सरकीची ढेप, जी भिजली की गल्ली नाक धरते, तिचा त्यांना साजूक तुपाचा. वाळलेल्या झिंग्यांच्या पुडीला ते मोगऱ्यासारखं हुंगत बसायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हळूहळू सरळ होईल. मामाजींना तेवढा धीर नव्हता. त्यांना त्यांची फळी परत पाहिजे होती.

उन्हाळ्याचा चारा मीच करीन, असं त्यांनी जाहीर केलं. मोहाची फुलं चार दिवस ताकात भिजवली. त्यात ढेप, त्यात झिंग्यांची पूड, त्यात संत्र्याची साल. पाचव्या दिवशी शेजारीण विचारून गेली की तुमच्याकडे उंदीर मेला आहे का. सासूबाईंनी पोळपाट-लाटणं उचललं आणि स्वयंपाक अंगणात हलवला. मी नाकाला ओढणी बांधून मामाजींसमोर उभी राहिले.

"मामाजी, हे सडलं."

"सडलं कायचं? शिऱ्याचा वास येऊन राहिला मस्त."

"तुमचं नाक उलटं झालं म्हणून."

"मासोळीचं नाक सरळ हाय, हे तुले कोनं सांगतलं?"

शेवटी ठरलं की दोघांनी आपापला चारा करायचा आणि दोन गळ टाकायचे. माझा चारा भाजलेलं बेसन, पिकलेलं केळ, गूळ आणि विलायचीचा. सासूबाईंनी त्यातला थोडा चाखून पाहिला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

मे महिन्यातली सकाळ, ऊन चढायच्या आत आम्ही डोहावर पोचलो. पाणी उतरलेलं, मासे खोल गेलेले. मामाजींनी डबा उघडला तसे बाजूचे दोघे उठून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसले. तासाभरात माझ्या गळाला तीन मासे लागले, तिन्ही वीतभर लांबीचे. मी त्यांना जरा मिरवत टोपलीत टाकत होते. मामाजींचं मोरपीस तसंच उभं.

मग ते हललं नाही, बुडालंही नाही, सरळ नाहीसं झालं. रीळ असं फिरायला लागलं की मामाजींनी अंगठा लावला आणि झटकन काढला. "कतला होय," ते म्हणाले. "मोठा होय." मासा डोहाच्या त्या टोकाला गेला, परत आला, पुन्हा गेला. मामाजी दोरा ओढत होते, सोडत होते. दवाखान्यातून येऊन वर्ष झालं असलं तरी ताकद पूर्वीची नव्हती. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, मग लगेच परत घेतली, मग आम्ही दोघांनी मिळून धरली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मासा काठाजवळ आला तशी मी सलवार-कुर्त्यासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले. तो माझ्या पायांना घासून गेला तेव्हा कळलं की तो माझ्या हातांनी धरला जाणार नाही.

"सूनबाई, सरक इकडं," मागून आवाज आला. पोस्टमनकाका आपलं जाळं घेऊन धोतर खोचून पाण्यात आले होते. त्यांनी जाळं खालून घातलं, मी वरून धरलं, आणि आम्ही दोघं तोल जाऊन एकदम त्या माशासकट काठावर बसलो. चांदीच्या रंगाचा, मोठ्या डोक्याचा, माझ्या हाताएवढा लांब. मामाजी त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काकांना आता चाऱ्याचा वास लागला. त्यांनी नाक धरलं. "हे का होय?"

मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "माहं नाक गेलं होतं," ते म्हणाले. "कोरोनात. वरीसभर सगळा चारा हिच्या नाकानं केला. आता आलं तं वाकडं आलं. हे त्या वाकड्या नाकाचं होय."

काका धोतर पिळत होते. ते काही आश्चर्यचकित झाले नाहीत. "मले माहीत होतं," ते म्हणाले. "कस्टर्डच्या दिवशी. डब्याचं झाकन हातात होतं माह्या. त्यात मागची सूनबाई दिसून राहिली होती. वाटी, चमचा, सगळं."

मला वाटलं आता जमिनीत जावं. मामाजींनी विचारलं, "मंग बोलले काहून नाही?"

काकांनी जाळं झटकलं. कोरोनाच्या त्याच लाटेत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोले करून दाखवलं," ते म्हणाले. "चमचा अन् थंडी अन् सगळं. लय दिवसानं आमच्या घरात कोनी हसलं."

त्या कतल्याचा अर्धा वाटा मामाजींनी तिथेच काकांना देऊन टाकला. उरलेला अर्धा आणि तो चाऱ्याचा डबा घेऊन आम्ही स्कूटीवर निघालो. रेल्वेचं फाटक बंद होतं. आजूबाजूला मोटारसायकली, एक ऑटो, एक ट्रॅक्टर. मी डोक्यापासून पायापर्यंत ओली, मामाजी मागे मांडीवर पोतं घेऊन. पाहता पाहता आमच्या भोवतीच्या गाड्या थोड्या थोड्या मागे सरकल्या. एक मोटारसायकलवाला तर पार ट्रॅक्टरच्या मागे गेला. आमच्याभोवती रिकामं मैदान झालं.

मामाजींनी मागून विचारलं, "काहून दूर होऊन राहिले लोक?"

"शिऱ्याचा वास सहन नाही होत त्याइले," मी म्हटलं.

मग आम्ही दोघंही हसायला लागलो. फाटक उघडलं, गाड्या निघाल्या, मागून हॉर्न वाजले, पण मला स्कूटी सरळ धरता येईना. शेवटी रस्त्याच्या कडेला लावली आणि दोघं एका दगडावर बसून राहिलो, हसू थांबेपर्यंत. ते बराच वेळ थांबलं नाही.

त्यानंतर मामाजींचं नाक हळूहळू सरळ होत गेलं. आधी चहा परत आला, मग कांदा, मग अगरबत्ती. ढेपेचा वास मात्र त्यांना अजूनही तुपासारखाच येतो. आता डोहावर माझा स्वतःचा गळ असतो. धरलेले मासे मी सासूबाईंना देते, त्या शिजवतात, बाकीचे खातात. पावसाळ्याचा चारा मामाजी करतात, थंडीचा मी करते, उन्हाळ्यात आम्ही भांडतो. पोस्टमनकाकांनी आपला खडक सोडला आणि ते आमच्याच खडकावर बसतात. या थंडीत त्यांनी कुठूनतरी गुलाबाचं सरबत आणलं आहे, ते चाऱ्यात टाकायचं म्हणतात. मी म्हटलं साखर विरघळेल, वास टिकेल की नाही सांगता येत नाही, पण करून पाहू. येत्या रविवारी करून पाहणार आहोत.